दोन नोंदींच्या मधला श्वास

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि रात्री-अपरात्री नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात.

ताई हवेचं प्रदूषण मोजायचं काम करते. वस्तीच्या टोकाला, एका बंद कारखान्याच्या भिंतीला लागून, तिच्या ऑफिसची केबिन आहे. पत्र्याची, बिनखिडकीची. आत यंत्रं, एक खुर्ची आणि छतातून वर गेलेली नळी. ती नळी बाहेरची हवा आत ओढते.

वस्तीतले लोक कधीपासून ओरडत होते, "इथे मधूनच जीव गुदमरतो."

ताईचे साहेब म्हणायचे, "आकडे तर ठणठणीत आहेत!"

ताईला ते पटेना. यंत्र तासातून एकदाच हवा मोजायचं.

"तासातून एकदा डोळा उघडायचा आणि म्हणायचं, चोर आलाच नाही!" ती चिडून म्हणायची.

शेवटी त्या दुपारी ती केबिनमध्ये शिरली आणि यंत्र दर सेकंदाला मोजायला लावलं. ड्रायव्हरकाका बाहेर गाडीत बसले होते.

पडद्यावर रेघ उमटू लागली. कार्बन डायऑक्साइडची.

वर... खाली... वर... खाली...

यंत्र बिघडलं असेल, असं तिला वाटलं. मग लक्षात आलं... हा ठेका ओळखीचा आहे.

नळीच्या तोंडाशी कोणीतरी श्वास घेत होतं.

"काका, छतावर चढलात का?"



ती उठली. दार ढकललं. हललं नाही. खांदा लावला. ढिम्म!

तेवढ्यात एसी बंद पडला. यंत्रांची घरघरही थांबली...

रेघ मात्र चालूच होती. आता भरभर. धाप लागल्यासारखी.

ताई ओरडली, "काका! दार उघडा!"

नळी केबिनमध्येच कुठेतरी फुटली असेल, हा आपलाच श्वास असेल... तिने मनाची समजूत घातली. दोन्ही हातांनी नाकतोंड गच्च दाबून धरलं.

रेघ थांबली नाही.

आणि दारावर थापा पडल्या...

आतून.

ताई किंचाळली. खाड्कन दार उघडलं. समोर काका. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, बाहेरून कडी लागलेली होती! मी समोरच बसलोय, इथे चिटपाखरूसुद्धा फिरकलं नाही. तुमचा आवाज आत्ता ऐकला..." ते घुटमळले. "आत तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नाही. का?"

"ओरडणारे दोघं होते."

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी यंत्र पुन्हा तासावर लावलं. "मशीनचा दोष," म्हणाले. त्या घटनेच्या आधीची आणि नंतरची तासाची नोंद बघितली, तर दोन्हीत हवा अगदी स्वच्छ.

ताई मात्र हट्टाला पेटली. महिनाभर साहेबांच्या मागे लागून तिने पुन्हा दर सेकंदाला मोजायची परवानगी काढलीच. उद्या ती परत तिथे जातेय.

"वेड लागलंय का तुला? जाऊ नकोस," मी म्हणालो.

तिने उद्याची बॅग भरायला घेतली. मग हळूच म्हणाली, "ते जे कोणी होतं ना, ते मला घाबरवत नव्हतं रे... त्याला हवा पुरत नव्हती."

मी तिच्याबरोबर जाणार आहे. दार उघडं, घट्ट धरून बाहेर उभा राहीन.

पण आतून कोणी ते ओढून घेतलं तर...