गोड्या पाण्याचे वाटेकरी

ड्रिल भिंतीत शिरलं आणि लाल माती भुरभुरत दर्शनाच्या केसांवर, खांद्यांवर आणि सोनूबाईंच्या घासून पालथ्या घातलेल्या टोपांवर पसरली. चिऱ्याच्या भिंतीचं हेच दुखणं. भोक चटकन पडतं, पण आत प्लग ठरत नाही. तिने स्क्रू आवळला तसा तो प्लगसकट गरागरा फिरायला लागला.

"मावशी, भिंत पार भुसभुशीत आहे हो."

"भिंतीला नावं ठेवू नको गो बाय. माझ्या सासऱ्यानं बांधलीय ती." हर्ण्याच्या बंदरावर मासळी विकण्यात हयात घालवलेल्या सोनूबाईंचा आवाज घरातसुद्धा लिलावाच्या पट्टीतच लागायचा.

दर्शना हसली. दापोलीच्या सुहासकाकांच्या दुकानातून पाण्याची मशीनं बसवायला ती स्कूटरवरून गावोगाव फिरायची. हर्ण्यात तिला काम भरपूर, कारण इथल्या विहिरींना समुद्राची संगत. पाणी मचूळ. डाळ शिजत नाही, चहा फाटतो.

तेवढ्यात मागच्या दारातून कोणीतरी आत आलं... खांद्यावर पाण्याचा भलामोठा निळा जार, कपाळावर घाम, आणि तोंडात कसलीशी शीळ. भिंतीवरचं मशीन दिसताच शीळ थांबली.

"सोनूमावशी, हे काय?"

सोनूबाईंनी उगीचच पदर सारखा केला. "लेकीनं धाडलंय रे विनीत, मुंबैवरनं. मी कुठं मागितलं होतं?"

विनीतचा गावात पाणी शुद्ध करायचा छोटा प्लांट होता. घरोघर जार पोचवायचे, हाच त्याचा धंदा. त्याने स्टुलावर उभ्या असलेल्या, लाल मातीने माखलेल्या मुलीकडे पाहिलं. ती पण बघत होती – जरा अपराध्यासारखी, जरा हसू दाबत.

"म्हणजे आजचा जार परत नेऊ?"

"ठेवा," दर्शना म्हणाली. "मशीनची पहिली टाकी ओतून द्यावी लागते. तोवर तुमचंच पाणी प्यायचंय."

"चला, तेवढ्यापुरती तरी आठवण राहिली." त्याने जार उतरवला आणि वर पाहिलं. "आणि तो प्लग नाही धरणार. लाकडाची गुट्टी ठोका."

"गुट्ट्या संपल्यात माझ्या."

तो मागच्या पायरीवर बसला, सरपणातलं एक लाकूड घेतलं आणि सोनूबाईंच्या कोयत्याने तासायला लागला. दर्शना दाराशी येऊन उभी राहिली.

"स्वतःचं गिऱ्हाईक तोडायला मदत करताय तुम्ही."

"मशीन सोनूमावशीच्या डोक्यात पडलं, तर गिऱ्हाईक तुमचंही जाईल आणि माझंही."

गुट्ट्या घट्ट बसल्या, मशीन लागलं. पहिली टाकी ओतून झाली, दुसरी भरली तेव्हा विनीत पुन्हा हजर होता; सोनूबाईंचा रिकामा जार न्यायला म्हणे. दर्शनाने त्याच्यापुढे पेला धरला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले, उगाच वेळ लावला.

"माझ्यासारखंच आहे."

"तुमच्यासारखं?"

"म्हणजे... माझ्या पाण्यासारखं."

त्याचे कान लाल झालेले तिला दिसले. ती घाईघाईने पाने-पकडी पिशवीत भरायला लागली आणि टेफ्लॉनची टेप तिथेच विसरून गेली.

त्यानंतर हर्ण्याच्या अरुंद रस्त्यांवर त्याचा टेम्पो आणि तिची स्कूटर सारखी समोरासमोर यायला लागली. तो काच खाली करून विचारायचा, "आज कोणाकडे डल्ला मॅडम?" ती म्हणायची, "तुमच्याच आळीत. दोन घरं." तो कपाळाला हात लावायचा आणि टेम्पो मागे घेऊन तिला वाट द्यायचा. एकदा सोनूबाईंच्या मशीनचं पाणी बारीक झालं. दर्शनाने बाहेरचा फिल्टर उघडला, आतली पांढरी कॅण्डल चिखलाने पार तपकिरी झाली होती. ती धुवायला पाणी ओतायचं काम विनीतने आपण होऊन अंगावर घेतलं. तिच्या बोटांवरून पाण्याची धार वाहत होती... कॅण्डल कधीच स्वच्छ झाली होती, तरी धार थांबली नाही.

"झाली," ती हळूच म्हणाली.

"हो? मला अजून मळकी वाटतेय."

"नजर तपासून घ्या."

"नजर बरोबर जागेवर आहे," तो म्हणाला.

चुलीपाशी बोंबील भाजणाऱ्या सोनूबाई खोकल्या. नको तितक्या खोकल्या.

पण श्रावणात एक दिवस तिला त्याचा टेम्पो निम्माच भरलेला दिसला. तिने सहज विचारलं आणि त्यानेही सहजच सांगितलं, "दिवाळीनंतर प्लांट बंद करतोय. चिपळूणकडे एका कारखान्यात काम आहे. इथे आता जार घेतंय कोण?"

तो हसत बोलला, पण तिला काही हसता आलं नाही. त्या आळीतल्या भिंती तिने भोकं पाडून एकेक करून आपल्या केल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी हा माणूस टेम्पो मागे घेत राहिला होता. तिला वाटलं, आपण ज्याची वाट बघत गावात येतो, त्यालाच आपण गावातून घालवतोय.

दुसऱ्या दिवशी तिने सुहासकाकांना सांगितलं, "हर्ण्याला दुसरं कोणी पाठवा."

"का गो? कोण काही बोललं?"

"नाही. लांब पडतं."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि वहीत हर्ण्यापुढचं तिचं नाव खोडलं.

आश्विनात वादळ आलं. दोन दिवस समुद्र किनाऱ्यावर धडका देत राहिला. होड्या बंदरात ओढून बांधल्या होत्या, त्या वाचल्या. विजेचे खांब मात्र रांगेने आडवे झाले. दुकानातला फोन वाजायचा थांबेना. मशीन बंद आहे, पाणी नाही, काहीतरी करा. वीज नसताना मशीन म्हणजे भिंतीवर टांगलेला डबा. काका लोकांना समजावून थकले. दर्शनाने मात्र दुकानातल्या जेवढ्या मिळतील तेवढ्या कॅण्डल पिशवीत कोंबल्या आणि स्कूटर काढली.

विनीतच्या प्लांटसमोर अख्खं गाव हंडे, कळश्या घेऊन उभं होतं. आत जनरेटर धडधडत होता, आणि नळाला करंगळीएवढी धार. विनीत चिंब, दाढी वाढलेला, एका पाइपाशी झगडत होता.

"विहिरीत गाळ शिरलाय," त्याने मान वर न करता सांगितलं. मग तिने तोंड उघडण्याआधीच कोण आलंय ते त्याला कळलं असावं, कारण त्याने एकदम वर पाहिलं. "तुम्ही?"

"बाजूला व्हा. आधी वाळूची टाकी उलटं पाणी सोडून धुवू. त्याशिवाय पुढचे फिल्टर बदलून उपयोग नाही."

त्याने पंप धरला, तिने व्हॉल्व्ह फिरवले. काळंकुट्ट पाणी गटारात पडत राहिलं, मग चहासारखं, मग पिवळसर, मग नितळ. तिने पिशवीतल्या कॅण्डल एकामागून एक बसवल्या. नळाची धार जाड झाली तेव्हा रांगेतल्या बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुपारपर्यंत दोघं हंडे भरत होती. सोनूबाई भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या आणि दोघांना एकाच ताटात वाढून निघून गेल्या.

जेवताना तो म्हणाला, "यायच्या बंद झालात."

"तुमची गिऱ्हाइकं पळवायची बंद झाले."

"गिऱ्हाइकं..." तो भाकरीचा तुकडा नुसता हातात धरून बसला. "दोन तांडेल मागे लागलेत, होड्यांवर जार दे म्हणून. आठ-आठ दिवस समुद्रात असतात, तिथे कुठलं मशीन चालणार? करता आलं असतं. पण तू यायची थांबलीस, मग कशातच मन लागेना."

'तू' कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही. दर्शनाने मान खाली घातली.

"आणि मी?" ती म्हणाली. "रोज स्कूटर काढायचे. हर्ण्याच्या फाट्यापर्यंत यायचे. आणि दुसऱ्याच गावाला वळायचे."

"का?"

"तुला निरोप द्यायची वेळ येईल म्हणून."

तो काहीतरी बोलणार, तोच समोरच्या घरात ट्यूबलाइट लुकलुकली. कुठेतरी पंखा फिरला, रेडिओ ओरडला. वीज आली होती. रांगेत एकदम चुळबुळ झाली. कोणी अर्धी कळशी उचलली, कोणी रिकामाच हंडा कमरेवर घेतला, आणि बघता बघता सगळी माणसं आपापल्या घरी, आपापल्या भिंतीवरच्या मशीनकडे चालायला लागली. प्लांटचं अंगण मोकळं झालं. नळ तेवढा धो धो वाहत होता.

विनीतने तो बंद केला. रिकाम्या वाटेकडे बघत तो कसनुसा हसला.

"गेले सगळे."

"मी आहे ना," दर्शना म्हणाली.

तो वळला. तिचे हात गाळाने भरलेले, ओढणी कमरेला खोचलेली, गालावर ग्रीसचा एक फराटा.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"गावातल्या मशीनांची देखभाल करायला कोणीतरी इथे राहणारं हवंच आहे. रोज दापोलीहून येणं मला जमणार नाही." तिने क्षणभर थांबून त्याच्याकडे पाहिलं. "तू होड्यांना पाणी दे. मी घरांचं बघते."

"आणि कारखाना?"

"त्यांना दुसरं कोणी मिळेल."

विनीतने खिशातून रुमाल काढला, नळाखाली भिजवला आणि तिच्या गालावरचा फराटा पुसायला लागला. ग्रीस निघायच्याऐवजी आणखीच पसरलं. तिने ते त्याला सांगितलं नाही, आणि तोही पुसायचा थांबला नाही.