तिसरा हात

मी चित्रकलेची शिक्षिका, आणि वार्निशच्या बाबतीत लई खाष्ट. पंखा बंद, खिडकी बंद, चित्र टेबलावर आडवं, रुंद ब्रशानं पातळ दोन हात. वार्निश लावताना दुधासारखं दिसतं, वाळलं की काचेसारखं स्वच्छ होतं. तिसरा हात मी कधीच मारत नाही.

हे चित्र संगप्पा सरांच्या आईचं, रत्नम्मांचं. सरांच्या लातुरातल्या क्लासला प्रवेशासाठी ही झुंबड. माझी लेक इरा दोन मार्कांनी राहिली होती; चित्र झालं की सर तिला पहिल्या बाकावर बसवणार होते. रत्नम्मा भूकंपात गेल्या, फोटो एकही उरला नव्हता. सरांनी सांगत जावं, मी अ‍ॅक्रिलिकनं रंगवत जावं. ओठ जरा उघडे काढले तर सर खेकसले, "मिटवा ते!"

पहिला हात वाळला, पण ओठांवर दुधाळ डाग राहिला. दुसरा मारला. एप्रिलचं ऊन, पत्र्याची खोली. बाकी चित्र तासाभरात खडखडीत. ओठ ओलेच. बंद खोलीत त्यांच्यावर पांढरी माती बसलेली. पुसली. परत बसली.

श्वास रोखून वाकले. डाग मोठा होत होता, लहान होत होता.

सरांना बोलावलं. ते दारातच थांबले.

"सर, हे वाळूनच नाही राहिलं. नका लावू हे चित्र वर्गात."

"आई दोन दिवस ढिगाऱ्याखालून हाका मारत होती," ते म्हणाले. "भिंत हलत होती, अंगावर येईल म्हणून मला भ्या वाटलं. जवानांना सांगितलं, हितं कुणी न्हाई."

मी ब्रश खाली ठेवला.

"तोंडावर अजून एक हात मारा. जाड. इराला सोमवारपासून पाठवा."

मेल्या, तुझी आई ती! ओठांवर आलं होतं. बोलले नाही. इराचं वर्ष दिसत होतं.

"माफ करा हो, रत्नम्मा," म्हटलं, आणि जाड हात मारला.

डाग थांबला.

सोमवारी चित्र वर्गात लागलं. त्याच्याखाली पहिल्या बाकावर इरा.

पाच वाजता ती घरी आली.

"कसा झाला ग वर्ग?"

तिनं मान खाली घातली. हनुवटी धरून तोंड वर केलं. मिटलेल्या ओठांवर दुधाळ साय. पदरानं पुसली, निघेना. नखानं खरवडली, तर पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज आला नाही.

बघता बघता साय वाळली, आणि काचेसारखी स्वच्छ झाली.