अक्काचा सूर्य

जीवितवेध केंद्राच्या भिंतीवर सकाळपासून दोनच आकडे होते, अडकलेलं माणूस जिवंत असण्याचे शेकडा अंदाज. पूर्व तोंड बासष्ट, पश्चिम तोंड चौसष्ट. गारदांडचा बोगदा पहाटे दोन ठिकाणी खचला तेव्हा रात्रपाळीची माणसं बाहेर पडली होती, आत दोघेच राहिले. पूर्वेच्या पोकळीत यंत्रचालक दत्ता लोखंडे, पश्चिमेच्या पोकळीत भूवैज्ञानिक महावीर शिरगुप्पे. तार तुटली होती, आतून आवाज नव्हता. मोठं ड्रिल एकच, आणि ते घाट चढून साडेपाचला फाट्यावर पोचणार होतं. तिथून ते डावीकडे वळणार की उजवीकडे, हे भिंतीवरचा मोठा आकडा ठरवणार होता. दुसरं ड्रिल यायला तीन दिवस लागणार होते.

डॉ. पद्मजा शिरगुप्पे त्या आकड्यांसमोर बसून होती. यंत्रणा तिनेच उभारली होती आणि पश्चिमेच्या पोकळीतला महावीर तिचा धाकटा भाऊ होता. नात्यातलं माणूस आत असेल तर खुर्ची सोडावी, असा नियम केंद्रात नव्हता. त्याची गरजच नव्हती, कारण आकडा कुणालाच हलवता येत नसे. पूर्वी कुणाला आधी खणून काढायचं हे साहेबलोकांना कुणाचे फोन येतात त्यावर ठरायचं. ते बंद व्हावं म्हणून पद्मजाच वर्षभर समित्यांपुढे भांडली होती.

"लोक फोनवर काय खरडतात त्यावरून माणूस जिवंत आहे का ते कळतं, हे माझ्या काही डोक्यात शिरत नाही बघा, मॅडम," मुजावर म्हणाले. बचाव दलातला हा पंचावन्न वर्षांचा इंजिनिअर ड्रिलला हुकूम द्यायला आजच केंद्रात आला होता.

"कळत नाही, अंदाज येतो," पद्मजा म्हणाली. "चाळीस दुर्घटना तपासल्या आम्ही. माणूस गेल्याची बातमी कागदावर येण्याआधी जवळच्यांच्या लिहिण्यात उतरते. कुणाला आतल्या कामगाराने गुपचूप सांगितलेलं असतं, कुणी काही ऐकलेलं असतं. म्हणून जितकं माणूस जवळचं, तितका त्याच्या शब्दांना भार जास्त. त्याला निकटभार म्हणतो आम्ही."

"आणि हे सगळे?" मुजावरांनी शेजारच्या पडद्याकडे बोट केलं. तिथे #अक्काचा_सूर्य हा हॅशटॅग चार लाखांवर गेला होता. मेणबत्त्या, जोडलेले हात, भावपूर्ण श्रद्धांजली.

पद्मजाने मान फिरवली. घरात सूर्यास्ताच्या आत जेवायचा नेम, आणि महावीर दिवसभर बोगद्यात. दिवस कुठे आला ते आत कसं कळणार? म्हणून ती रोज त्याच्या पानावर लिहायची, दिवस बुडायला अर्धा तास आहे, जेवून घे. तो डबा उघडून फोटो टाकायचा आणि खाली थट्टेने तो हॅशटॅग लावायचा; पुढे तीही लावायला लागली. शंभरेक मित्र हसायचे. आज सकाळी कुणाला तरी तो सापडला आणि माणूस खणून काढायच्या आत लोकांनी दुखवटा पाळायला घेतला. या लोकांना रडण्याची एवढी घाई का असते, हे तिला कधीच समजलं नव्हतं.

"परक्यांचा भार शून्य," ती म्हणाली. "चार लाख सोडा, चार कोटी लिहोत. आकड्याला ओरखडासुद्धा येत नाही. हॅशटॅगचा अर्थ मात्र यंत्र त्यांच्याकडूनच शिकतं. तो कुणाच्या सोबतीने फिरतो ते बघतं. काल हा डब्याचा होता, आज दुखवट्याचा झालाय."

"आणि जवळच्या माणसाचं काय बघतं?"

"जवळचं माणूस बातमी कळली की आधी गप्प होतं. एकदम गप्प. मग काही तासांनी थेट गेलेल्यालाच लिहितं. कुठे आहेस, जेवलास का. आपल्याकडे गेलेल्या माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात की लोक."

पाचच्या सुमाराला पश्चिमेचा आकडा उतरायला लागला. साठ, सत्तावन्न, चौपन्न. पूर्वेचा बासष्टवर ठाम होता. दत्ता लोखंडेची बायको दर दहा मिनिटांनी काहीबाही लिहीत होती. पोरीने शाळेत जायचं नाकारलं, तुम्ही आल्यावर तुम्हीच बघा. तिने एकही हॅशटॅग लावला नव्हता.

"मित्र तर लिहितायत याचे. मग उतरतोय का?" मुजावरांनी विचारलं.

पद्मजाने भारांची यादी उघडली. यादीत नावं झाकलेली असत, नुसते क्रमांक. महावीरच्या यादीत पहिल्या क्रमांकाच्या माणसाचा भार बाकी सगळ्यांच्या बेरजेहून जास्त होता. रोज सरासरी अकरा निरोप, नऊ वर्षांत एक दिवस खंड नाही. आज पहाटेपासून एक अक्षर नाही. शेजारी यंत्राचा शेरा होता : निकट व्यक्तीचं मौन, बारा तास. बातमी कळल्याची शक्यता वाढती.

तिला नाव बघायची गरज नव्हती. केंद्रातल्या माणसाने घटनेबद्दल काही लिहायचं नाही, मोजमाप बिघडतं, हा नियम तिनेच केला होता. सकाळी सहा वाजता आपला फोन तिने स्वतःच्या हाताने टेबलाच्या खणात ठेवला होता.

"मीच आहे ती," ती म्हणाली. "माझ्या गप्प बसण्याने मरतोय तो."

मुजावरांनी लगेच आयुक्तांना फोन लावला. ते म्हणाले, आकडा हलवायचा अधिकार मलाही नाही, तुमच्या मॅडमनीच तो काढून घ्यायला लावला.

"मग लिहा की, मॅडम," मुजावर म्हणाले. "नियम गेला खड्ड्यात. रोज लिहिता तसंच लिहा, यंत्राला ओळख पटू दे. माझी बहीण असती तर मी हेच सांगितलं असतं."

आकडा पंचेचाळीस होता. पाच वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. खिडकीबाहेर ऊन पिवळं पडलं होतं. पद्मजाने खण उघडला. तिचा जीव इतका कासावीस झाला होता की विचार करायला जागाच उरली नव्हती. रोजच्या सवयीने बोटं चालली.

महावीर, दिवस बुडायला अर्धा तास आहे. जेवून घे. #अक्काचा_सूर्य

पाठवल्यावर तिने भिंतीकडे पाहिलं. यंत्राने मजकूर घेतला, तपासला. सर्वांत निकट व्यक्ती. दीर्घ मौनानंतरचा पहिला मजकूर. थेट संबोधन, जेवणाची विचारणा, दुखवट्याचा हॅशटॅग. पश्चिमेचा आकडा पंचेचाळीसवरून चारवर आला.

तासापूर्वी आपण मुजावरांना काय समजावत होतो ते तिला तेव्हा आठवलं. तिने पुन्हा लिहिलं, तो जिवंत आहे, मला माहीत आहे. आकडा तीन झाला. शोकातली माणसं असंही लिहितात, हे त्या चाळीस दुर्घटनांमध्ये होतंच.

साडेपाचला ड्रिल पूर्वेकडे वळलं. हुकूम मुजावरांनाच द्यावा लागला. पद्मजाच्या निरोपाखाली तोवर नऊ हजार लोकांनी हात जोडले होते.

दत्ता लोखंडे दुसऱ्या दिवशी दुपारी चालत बाहेर आला. मोठं ड्रिल पूर्वेच्या खडकातच अडकून पडलं होतं, म्हणून पश्चिमेची पोकळी दुसऱ्या ड्रिलने चौथ्या दिवशी उघडली. यंत्राने आपल्या नोंदी पुऱ्या केल्या. पूर्व : जिवंत, अंदाज अचूक. पश्चिम : मृत, अंदाज अचूक. गारदांडची दुर्घटना एकेचाळिसावा दाखला म्हणून जमा झाली आणि निकटभार थोडा वाढवण्यात आला.

महावीरचं सामान मुजावरांनी स्वतः आणून दिलं. हेल्मेट, बंद पडलेला फोन आणि डबा. डबा घासून ठेवल्यासारखा रिकामा होता. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने खडकाच्या कपचीने रेघा ओढल्या होत्या, एकेका रेघेशेजारी लहानसा अर्धा गोल, सूर्य डोंगराला टेकल्यासारखा.

"डॉक्टर म्हणाले, पोकळी उघडली त्या दिवशी सकाळपर्यंत होते," मुजावर खाली बघत म्हणाले.

पद्मजाने रेघा मोजल्या. तीन होत्या. तीन दिवस तो अंदाजाने दिवस बुडायच्या आत जेवला होता.