हॉलीला फळं का येईनात?

"उद्या सकाळी करवतवाला येणार आहे," शेपूट धापा टाकत म्हणाला. "आत्या हॉलीचं झुडूप तोडून टाकतेय."

शेपूट म्हणजे भिंगरीचा धाकटा भाऊ. सतत तिच्या मागे, म्हणून शेपूट. तिसरा त्यांचा चुलतभाऊ प्रोफेसर. त्याच्या खिशात भिंग नाही असं कधी व्हायचं नाही. सुट्टीत ही तिघं आत्याकडे जमली, की तिला डोळ्यांत तेल घालून राहावं लागे.

हॉली स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. बारा महिने हिरवीगार, पानांच्या कडांना काटे, आणि दर थंडीत लालभडक फळांनी लगडलेली. गेल्या थंडीत मात्र औषधालाही एक फळ नव्हतं.

"उजेड अडवते, येताजाता टोचते आणि देत काहीच नाही," आत्या म्हणाली. "ही खोगीरभरती हवी कशाला?"

"फळं कुणीतरी चोरली असणार," शेपूट म्हणाला.

"चोरायला आधी धरावी तर लागतात," प्रोफेसरने एका इवल्या पांढऱ्या फुलावर भिंग धरलं. "फुलं भरपूर आहेत. पण पराग कुठेच दिसत नाही."

एक डहाळी घेऊन तिघं रस्त्याच्या टोकाच्या रोपवाटिकेत गेली. तिथे रोपांना पाणी घालत होते माळीकाका. गेल्या वर्षापर्यंत ते आत्याच्याच बागेत काम करायचे.

"ही मादी," काकांनी डहाळी बघताच सांगितलं. "हॉलीत नर वेगळा, मादी वेगळी. नराला फळं येत नाहीत, पण तो जवळपास नसेल तर मादीलाही धरत नाहीत. पराग मधमाश्या नेतात ना. तुमच्या कुंपणाच्या कोपऱ्यात होता तो नर. गेल्या सुट्टीत फुलायच्या आधीच वाळला बिचारा."

"कशाने?" प्रोफेसरने विचारलं.

"मातीवर पांढरी खपली धरली होती. मीठ होतं ते. मी सांगून पाहिलं, पण मीच भलतं औषध मारलं असं ठरलं. माझं काम गेलं. नंतर त्या गल्लीत कुणी मला बागेला हातही लावू दिला नाही."

गेल्या सुट्टीत भिंगरीचा नवाकोरा चेंडू त्याच कोपऱ्यातल्या काट्यांनी फोडला होता. फळ ना फूल, नुसतं टोचायला मेलं, असं म्हणत तिने चार दुपारी बादलीभर मिठाचं पाणी मुळाशी ओतलं होतं. मग सुट्टी संपली आणि ती घरी गेली. तिच्या रागाची शिक्षा दुसरंच कुणी भोगतंय, हे तिच्या गावीही नव्हतं. आत्ताच सांगायला हवं होतं, पण ती शेपटाच्या मागे सरकली.

काकांनी रोपवाटिकेतल्या नराच्या फुललेल्या फांद्या कापून दिल्या. "पाण्यात ठेवून मादीला खेटून टांगा. पैसे नकोत, अशाच न्या, पोरांनो. झाड जगलं म्हणजे झालं."

ते रागावले असते तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

सकाळी उजाडताच तिघांनी पाण्यात फांद्या घातलेले दोन डबे हॉलीत टांगले. करवतवाला आला तेव्हा झुडपाभोवती मधमाश्यांचा नुसता गुणगुणाट चालला होता.

"बाई, यात मी हात घालणार नाही," तो दोन पावलं मागे सरला.

"फुलं गळेपर्यंत थांबावंच लागेल," प्रोफेसर साळसूदपणे म्हणाला. आत्याने कपाळावर हात मारला.

फुलं गळली. दिवस गेले. भिंगरीला जेवण जाईना. दोनदा ती रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत गेली आणि तशीच माघारी आली. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात शेपटाला पानांआड हिरवे मणी दिसले. एक नाही, दोन नाही, फांदी भरून!

"शाबास रे माझ्या गुप्तहेरांनो," आत्याने तिघांना जवळ घेतलं. "त्या माळ्याने एक झाड मारलं, पण तुम्ही दुसरं वाचवलंत."

भिंगरीने तिचा हात बाजूला केला. "त्यांनी नाही मारलं, आत्या. मी मारलं." आणि चेंडूपासून मिठापर्यंत तिने सगळं सांगितलं. शेपूट तिच्याकडे बघतच राहिला.

आत्याने चपला घातल्या. "चल. मलाही त्यांची माफी मागायची आहे. न बघता, न ऐकता घालवलं मी त्यांना."

काकांनी दोघींचं ऐकून घेतलं. आत्याने परत कामावर या म्हटलं. ते भिंगरीकडे वळून म्हणाले, "महिना झाला तुला कळून. एवढे दिवस का गप्प राहिलीस?"

"तुम्ही फांद्या दिल्यात म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही चांगले वागलात, मग सांगायची आणखीच लाज वाटली."

काकांनी कुंडीतलं नराचं एक रोप उचलून तिच्या हातात दिलं. "उद्या सातला येतो. खड्डा तू खणायचास. रोज येऊन बघणार आहे मी."

भिंगरीने मान हलवली. परतताना आत्याने तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.