कॉफी, बोंबील आणि जिन्याखालचं कपाट

“श्शू! कुणी बोलायचं नाही! ऐका!”

ऋगूआत्याने हात वर केला आणि जुई, ध्रुव आणि माया एकदम चिडीचूप झाले. भाजणीच्या यंत्राच्या काचेतून कॉफीच्या बिया गरगर फिरताना दिसत होत्या. हिरव्याच्या पिवळ्या झाल्या होत्या, पिवळ्याच्या बदामी. आता त्या तडतडायला हव्या होत्या. लाह्या फुटतात तशी तडतड ऐकू आली की समजायचं, कॉफी भाजली गेली. सकाळी याच बियांनी कशी झकास तडतड केली होती! आणि आता? ढिम्म!

“आत्या, रुसल्यात की काय या?” ध्रुवने विचारलं.

“गप रे!” जुईने त्याला कोपर मारलं.

तेवढ्यात दिवा मिचमिचला, पंखा मंदावला, यंत्राची घरघरही बारीक झाली. बऱ्याच वेळाने एक बी कशीबशी ‘टक्’ म्हणाली. आत्याने बिया बाहेर काढल्या, नाकाशी नेल्या आणि तिचा चेहरा पडला.

“गेली! भाजली नाही, नुसती वाळली. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागणार आता.”

ऋग्वेदा आत्या दिवसा फोर्टातल्या विमा कंपनीत नोकरी करायची आणि उरलेला जीव कॉफीत ओतायची. तिच्यासारखेच आणखी काही वेडे मुंबईत होते. घरी कॉफी भाजणाऱ्या या लोकांनी आपल्या टोळीला ‘भाजक्या बिया मंडळ’ असं नाव दिलं होतं. ही मंडळी जमली की एकमेकांची कॉफी चमच्याने सुर्र सुर्र आवाज करत प्यायची आणि कडाकडा भांडायची. गिरगावातल्या आनंदी भुवन चाळीला यातलं काही पटण्यासारखं नव्हतं. जुईला मात्र ते सगळं भारी आवडायचं. आत्याने तिला डोळे मिटून वास ओळखायला शिकवलं होतं. आता तिला लिंबाची साल आणि लिंबाचं पान यांतला फरकसुद्धा कळायचा. सुट्टीत दादरहून राहायला आलेला तिचा चुलतभाऊ ध्रुव यावरून तिला ‘नाकवाली’ म्हणून चिडवायचा.

“ऋग्वेदा!” दारातून आवाज गडगडला. चाळीचे सेक्रेटरी कमलाकांतकाका! “पुन्हा दिवे मिचमिचले. तुझ्या या भट्टीपायी चाळीला एक दिवस आग लागणार! रविवारी सभा बोलावली आहे. हे यंत्र चाळीबाहेर गेलं पाहिजे!”

“काका, मी वायरमनला दाखवलंय. यंत्रात काही दोष नाही.”

“दोष नाही? मग हा जळका वास कसला? आणि त्यात हे बोंबील! आज संकष्टी आहे, संकष्टी! सगळ्यांचे उपास, आणि कोण तळतंय बोंबील?”

असं म्हणता म्हणता काकांची मान मायाकडे वळली. माया तळमजल्यावर राहायची. तिच्या घरी संकष्टीचा उपास नसे, हे चाळीला ठाऊक होतं.

मायाचे कान लाल झाले. “आमच्याकडे आज वांग्याची भाजी आहे, काका. टोप आणून दाखवू?”

“मी कुठे काय म्हटलं?” काका गुरगुरले आणि निघून गेले.

आत्या मटकन खाली बसली. “चिंचपोकळीचा विकास केव्हाचा मागतोय यंत्र. आपल्या मंडळातलाच आहे. देऊन टाकते त्याला. सभेत चारचौघांत अपमान करून घेण्यापेक्षा ते बरं.”

“नाही हं, आत्या! मुळीच नाही!” जुई ओरडली. पण आत्या यंत्र पुसायला लागली होती. किती मायेने ती ते पुसत होती!

दुसऱ्या दिवशी जुईच्या पायाला भिंगरीच लागली. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिना खाली, जिना वर, पुन्हा गॅलरी.

“अगं, बस ना! मला चक्कर येतेय!” ध्रुव म्हणाला.

“कशी बसू? सकाळी बिया तडतडतात आणि संध्याकाळी नाही. असं का?”

“संध्याकाळी दमत असतील.”

“ध्रुव!”

“आमचा पंखासुद्धा संध्याकाळीच मंद होतो,” माया विचार करत म्हणाली. “लोक ऑफिसातून येतात, धडाधड एसी लावतात, तेव्हा.”

जुई जागीच थांबली. “आत्या ऑफिसात आहे. यंत्र बंद आहे. आज संध्याकाळी दिवे मिचमिचले तर?”

त्यांनी घरी असलेल्या यशोदाआजीला सांगून यंत्राचं बटण बंद केलं, वर पिनही काढून ठेवली आणि तिघं गॅलरीत दबा धरून बसले. उन्हं उतरली. एकेक माणूस घरी येऊ लागलं, एकेक एसी घुमू लागला. आणि बघता बघता समोरच्या खोल्यांतले दिवे मिचमिचले!

“सुटलं! यंत्र निर्दोष सुटलं!” ध्रुवने उडी मारली.

“थांब, थांब! वास घे,” जुई पुटपुटली. “बोंबील!”

“माझ्याकडे बघू नका,” माया फणकारली. “आई डाळ शिजवतेय.”

“तुझ्याकडे कोण बघतंय? चला माझ्यामागून!”

नाक पुढे आणि पाय मागे, अशी जुई निघाली. तिसऱ्या मजल्यावर वास पुसट होता. दुसऱ्यावर जरा वाढला. पहिल्यावर चांगला जाणवला. आणि तळमजल्यावर, जिन्याखालच्या लाकडी कपाटाशी तर नाक धरायची वेळ आली. कपाटाला हे भलंमोठं कुलूप होतं.

“मीटरच्या कपाटात बोंबील कोण तळेल?” ध्रुवने डोकं खाजवलं.

जुईचं डोकं भणभणायला लागलं. हा वास तिने कुठेतरी घेतला होता, आणि तो स्वयंपाकघरात नव्हे! ती धावत वर गेली, आत्याचा सामानाचा खण उपसला. गाळण्याचे कागद, चाळण्या, हाताने फिरवायची चक्की... आणि तळाशी एक जुना काळा प्लग. एका बाजूने वितळलेला. मागे कधीतरी तो जास्त तापला म्हणून आत्याने काढून टाकला होता. जुईने तो नाकाशी धरला.

“हाच! हाच तो वास! शपथ, घेऊन बघा!”

ध्रुवने वास घेतला आणि त्याचे डोळे विस्फारले. “हा प्लग मासे खायचा की काय?”

“अरे मठ्ठ, प्लास्टिक तापलं की असाच वास येतो! आत वायर तापतेय. आणि आपण सगळे म्हणतोय, कुणीतरी बोंबील तळतंय!”

“आणि सगळे आमच्याच दाराकडे बघतात,” माया हळूच म्हणाली. मग तिचा आवाज एकदम चढला. “जुई, त्या कपाटाच्या फटीत पांढरे पांढरे मणी अडकलेत. मी मघाशी पाहिले. थर्माकोलचे!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाळीच्या गणपतीचं थर्माकोलचं जुनं मखर कुठे ठेवलंय, हे आजवर कुणाला कळलं नव्हतं! त्या कपाटाच्या अगदी डोक्यावर नलूताईची खोली होती आणि तिचं तान्हं बाळ या वेळी पाळण्यात झोपलेलं असे. थर्माकोल पेटलं तर?

जुई आणि माया काकांकडे धावल्या, ध्रुव त्यांच्यामागे.

“मीटरजवळ पोरांनी फिरकायचं नाही!” काकांनी सरळ उडवून लावलं. “आणि किल्ली... किल्ली सध्या सापडत नाहीये.”

तेवढ्यात आत्या ऑफिसातून आली. सगळं ऐकून तिचा रंगच उडाला. तिने लगेच दत्ताराम वायरमनला फोन लावला. तो शेजारच्याच वाडीत होता. “निघालोच. पण कपाट उघडून ठेवा, ताई,” तो म्हणाला. आत्या काकांना सांगायला गेली, तर काका भडकले.

“वा! आपल्या यंत्राचं खापर आता मीटरवर फोडतेस?”

आता काय करायचं? कुलूप तोडायचं तर काका आडवे येणार. भांडत बसायला वेळ नव्हता. जुईचं मन नुसतं सैरावैरा धावत होतं आणि धावता धावता ते एका ठिकाणी अडखळलं. ती एकदम गोड आवाजात म्हणाली,

“काका, ते जाऊ दे. हा ध्रुव ना, म्हणतोय की तुम्हाला डोळे बांधून वास ओळखताच येणार नाहीत!”

“मी कधी म्हण... आई गं!” ध्रुवच्या पायावर मायाचा पाय पडला होता. “हो, हो! म्हणालो मी!”

“मला?” काकांच्या मिशा थरथरल्या. मासळीच्या बाबतीत त्यांचं नाक म्हणजे चाळीचा अभिमान! “अरे, घोळ की रावस, हे मी जिन्यावरून सांगतो! बांध माझे डोळे!”

आत्याला जुईचा बेत क्षणात कळला. तिने झटपट झाकणाच्या बाटल्या आणल्या. अंगणात माणसं जमायला लागली. मायाने काकांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला.

“हिंग!” काका म्हणाले. “जायफळ! ही आपली ऋग्वेदाची कॉफी! छे, हे तर काहीच नाही, वेलची!”

टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. काका फुलून गेले होते. जुईला मात्र एका जागी उभं राहवत नव्हतं. वास वाढत चालला होता.

“आता शेवटचं, काका!” ती म्हणाली. “चाळीत बोंबलाचा वास येतोय ना? तो कुठून येतो, ते नुसत्या नाकाने शोधायचं!”

“हात्तिच्या! एवढंच?”

ध्रुवने त्यांचा हात धरला. काका हुंगत हुंगत निघाले आणि थेट मायाच्या दारासमोर जाऊन उभे राहिले. अंगणातल्या टाळ्या थांबल्या. मायाची आई, कौसल्याकाकू, पळी हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. मायाने ओठ घट्ट मिटले.

काकांनी एक दीर्घ श्वास घेतला. मग आणखी एक.

“अंहं. इथे नाही,” ते म्हणाले. “इथे डाळ आहे. लसणाची फोडणी. झकास!”

आणि ते वळले. हुंगत, चाचपडत, जिन्याच्या दिशेने. वाकले. त्यांचं नाक लाकडी दाराला जाऊन टेकलं.

“सापडलं! इथे! सुके बोंबील आहेत आणि चांगले करपलेत! कुणाचं घर आहे हे?”

“तुम्हीच बघा,” जुई म्हणाली आणि तिने रुमाल सोडला.

काकांच्या डोळ्यांसमोर त्यांचंच कुलूप लोंबत होतं. त्यांनी दाराला हात लावला आणि चटकन मागे घेतला. दार गरम होतं! त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात गेला आणि न सापडणारी किल्ली तिथून निमूट बाहेर आली.

“सगळे मागे व्हा!” दत्ताराम येऊन पोचला होता. त्याने कुलूप काढलं, आधी मुख्य खटका खाली पाडला, आणि सगळी चाळ काळोखात बुडाली. मोबाइलच्या उजेडात लोकांनी आत पाहिलं. मखराचा थर्माकोलचा मोर वायरींना टेकून उभा होता. त्याची मान वितळून खाली आली होती. शेजारचा जोड काळाठिक्कर पडला होता आणि त्यातून बारीक धूर निघत होता.

“जोड सैल झालाय,” दत्ताराम म्हणाला. “लोड वाढला की तापायचा. मोर पेटायचाच बाकी होता, साहेब.”

नलूताईने वर गॅलरीत बाळाला छातीशी घट्ट धरलं. जुई मायाला बिलगली. आता, सगळं संपल्यावर, तिला रडू फुटलं.

“रडतेस कशाला, वेडे?” यशोदाआजी पुढे आली. “अख्खी चाळ वाचवलीत तुम्ही पोरांनी! आणि आम्ही मोठी माणसं काय करत होतो? नाकं मुरडत होतो!”

कमलाकांतकाका जिन्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मान वर केली.

“मखर मीच कोंबलं होतं तिथे. आणि ते उघडकीला येऊ नये म्हणून किल्ली लपवली,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “ऋग्वेदा, सभा होईल. पण तुझ्या यंत्रावर नाही, माझ्या हलगर्जीपणावर. यंत्र कुठेही जाणार नाही. जुई, ध्रुव, माया, शाबास रे! मला माझ्याच नाकाने वेसण घातलीत!”

आत्याने जुईला जवळ ओढलं. “विकासला कळवते,” ती म्हणाली, “यंत्र मिळायचं नाही म्हणून!” आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की मागची सगळी माणसं हसायला लागली.

काका मात्र हसले नाहीत. ते उठले, अंगण ओलांडून कौसल्याकाकूंच्या दाराशी गेले आणि हात जोडून उभे राहिले.

“वहिनी, चाळीत कसला वास आला की आमची मान आधी तुमच्या दाराकडे वळायची. चुकलंच आमचं.”

मायाने आईचा हात घट्ट धरला होता. मग काकूंनी पळी बाजूला ठेवली.

“आज डाळच आहे,” त्या म्हणाल्या. “रविवारी जेवायला या. रविवारी मी खरंच बोंबील तळणार आहे. वास आला की खुशाल समजा, आमचाच!”