गाळातल्या झाडाची सावली

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायला वेळच नाही हो. लेक झोपली की लिहायचं, हलली की उठायचं.

भर दुपारची गोष्ट. तळघरातल्या आमच्या प्रयोगशाळेतली. तिथे एकही खिडकी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही तळ्यांच्या तळाचा गाळ तपासतो. त्यात हजारो वर्षांपूर्वीचे परागकण अडकलेले असतात. ते ओळखले, की तेव्हा कुठली झाडं होती, पाऊस कसा होता, ते कळतं. सासूबाई म्हणतात, "घरातली धूळ पुसायची सोडून ही बया जुनी धूळ मोजायला जाते!"

त्या दिवशी त्यांचा गुडघा धरला होता, म्हणून लेकीला कामावर नेलं. दिवस भरायच्या आधीच आलेली, इवलीशी. सगळे टिचकीच म्हणतात. छाती नाजूक. तिच्या प्रत्येक श्वासाकडे माझा कान असतो.

तिला टोपलीत निजवलं आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

थोड्या वेळाने टिचकी खुदकन हसली.

मी वळून पाहिलं...

तिच्या तोंडावर सावली हलत होती.

पानांची. झाडाखाली निजवल्यावर पडते ना, तशी... उन्हाची जाळी.

वर नुसती ट्यूबलाइट. पंखा बंद.

टिचकी हात वर करून काहीतरी पकडू पाहत होती.

मी झडप घालून तिला उचललं. सावली गेली. तिला शिंक आली. नाक पुसलं, तर रुमालावर पिवळी भुकटी...

माझ्या वरिष्ठ बाई जेवून परत आल्या, तोवर मी ती भुकटी काचेवर घेतली होती.

"बाई, बघा. आपल्या गाळात सापडतं, त्याच झाडाचे पराग."

"मग तुझ्याच हाताचं लागलं असेल. किती वेळा सांगितलं, हात धुऊन लेकराला घे!"

"पण गाळातले कण पोकळ असतात ना? आतलं केव्हाच कुजलेलं, नुसतं टरफल. हे भरलेले आहेत, बाई. ताजे."

बाईंनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. ते झाड आमच्या भागातून हजारो वर्षांपूर्वीच संपलंय.

"पोरीला घरी ने," त्या हळूच म्हणाल्या. "परत इथे आणू नकोस."

नाही आणलं. पण घरीसुद्धा... रोज सकाळी नाकाशी पिवळं. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी. मी काचेवर घेऊन प्रयोगशाळेत पाहायची. तेच कण. भरलेले.

परवा ते थांबलं.

"झालं समाधान, शास्त्रीणबाई?" सासूबाईंनी चिडवलं. मीही हसले. धावत बाईंना सांगायला गेले.

बाई हसल्या नाहीत. तळ्यात नळी खुपसून काढलेली गाळाची उभी कांडी त्यांनी माझ्यासमोर ठेवली; खाली जुने थर, वर नवे. त्या झाडाचे पराग जिथे संपतात तिथे बोट टेकवलं... आणि वर सरकवलं.

"यानंतर काय आलं, ते बघ."

काळा थर. बोटभर जाड. जळून गेलेल्या रानाचा कोळसा.

कालपासून घरात काडी ओढलेली नाही. गॅसचा सिलिंडर बाहेर काढून ठेवलाय. सासूबाई म्हणतात, हिला वेड लागलंय. लागू दे.

आत्ता सगळ्या खिडक्या उघड्या आहेत. मी पुन्हापुन्हा हुंगून पाहतेय. धूर नाही. कसलाच वास नाही.

टिचकी मात्र झोपेत खोकतेय... कोरडं.

तिला मांडीवर घेऊनच लिहितेय.

तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतंय.