अकरावा गडी

निखारे जरा पुढे ओढ रे रुपेश, गार वारं सुटलंय. आणि पर्णिका, तो मोबाइल ठेव बाजूला. भुताची गोष्ट पाहिजे म्हणून मघापासून डोकं खाल्लंत ना माझं? मग ऐका. पण ही रचलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर ही वेळ आली तो रिझवान माझ्या चांगल्या ओळखीचा, आणि त्या रात्री त्याच्याकडे व्हॅन होती तीही आपलीच, डबे पोचवायची पांढरी.

काम अगदी साधं होतं. बिर्याणीचा टोप आणायचा, बस.

तारीख मला पक्की आठवते. दोन हजार चोवीस सालचा नोव्हेंबरचा शेवटचा दिवस, शनिवार. इथल्या नॅशनल डेची सुट्टी तोंडावर आलेली. आपल्याकडची कार्तिक अमावास्या त्याच रात्री होती. रिझवानला तिच्याशी काय देणंघेणं? ते तुमच्या कुमुदकाकूनं सकाळी टोप भरताना बजावलं म्हणून माझ्या ध्यानात राहिलं. उम्म अल कुवैनला गोदामांच्या मागे ते वाळूचं मैदान आहे बघा, तिथं रत्नागिरीकडच्या गावांच्या टेनिस बॉलच्या मॅचेस होतात. त्या दिवशीचं जेवण माझ्याकडचं होतं. जेवणं झाली, चटया गुंडाळल्या, पोरं गाड्यांत कोंबून बसली आणि निघाली. टोप राहिला तिथंच. त्याच्याशेजारी चाकांचा तो मोठा स्पीकर, तोही राहिला.

आता रिझवान कोण, ते ऐका. दुबईत देऱ्याला एका खोलीत चार-पाच गाववाल्यांबरोबर राहणारा, शिपिंगच्या ऑफिसात काम करणारा, शांत मुलगा. चारोळ्या बऱ्या लिहायचा. त्याच खोलीत खालच्या बंकवर त्याचा थोरला भाऊ झोपायचा, मुश्ताक. रिझवानला दुबईत आणला तो मुश्ताकनं, नोकरी लावली त्यानं, पहिला इस्त्रीचा शर्ट घेऊन दिला तोही त्यानंच. ऑगस्टमध्ये एका सकाळी रिझवान त्याला उठवायला गेला, तर अंग गार. झोपेतच गेला होता माणूस.

रिझवान पेटी घेऊन गावी गेला. खांदा दिला, माती दिली, रजा संपली तसा परत आला. या सगळ्यात त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, पोरगा दगड झाला. मी एकदा विचारलं तर म्हणतो कसा, "काका, दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो ना, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही. तसं झालंय. सगळीकडे."

आणि भावाचं नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं. माती दिल्यापासून एकदाही नाही. गावाहून अम्मी रोज फोन करायची. "रिझू, एकदा तरी त्याचं नाव घे रे. तू नाव घेत नाहीस तर मला वाटतं, माझ्या एकटीचाच मुलगा होता तो." त्यावर हा म्हणायचा, "हो अम्मी, जेवलो मी. इन्शाल्ला उद्या करतो फोन." म्हातारी तिकडे झुरत होती, पण याच्या तोंडून ती तीन अक्षरं काही निघत नव्हती.

खोलीत मात्र त्याला थांबवेना. जो कोणी हाक मारील त्याच्या गाडीत बसायचा. शारजाला कविसंमेलन झालं, तिथं जाऊन चारोळ्या वाचल्या, टाळ्या घेतल्या. खोर फक्कानला समुद्रावर गेला, हत्ताला धरणात होडी वल्हवली. प्रत्येक फोटोत हसरा चेहरा. कुठं काय पाहिलं विचाराल तर सांगता यायचं नाही. मला फार वाईट वाटायचं त्याचं, पण असल्या माणसाला काय सांगणार आपण?

तर ती शनिवारची मॅच मुश्ताकच्या आठवणीतली होती. मुश्ताक टीमचा शेवटचा गडी. बॅट धरायचा नावाला, खरी मजा त्याच्या माइकवर. कॉमेंट्री अशी करायचा की फिल्डर हसता हसता कॅच सोडायचे. या लोकांची एक रीत आहे. गेलेल्या गड्यासाठी पहिली मॅच खेळायची ती दहा जणांत. अकरावी जागा त्याची. नववा गडी बाद झाला की माइकवरून त्याचं नाव पुकारायचं, अगदी जिवंत माणसाचं पुकारतात तसं. मग दोन्हीकडचे सगळे उभे राहतात, क्षणभर गप्प, आणि कॉमेंट्रीवाला म्हणतो, अमुक अमुक नाबाद. तिथं डाव बंद. एरवीही त्यांच्याकडे नाव पुकारल्याशिवाय फलंदाज बाऊंड्रीच्या दोरीच्या आत पाऊल टाकत नाही. मग तो कितीही मोठा बॅट्समन असो.

त्या दिवशी माइक रिझवानकडे होता. भावाच्या जागी भाऊ, म्हणून पोरांनी मुद्दाम दिला. चांगला बोलला तो, सगळ्यांची टिंगल केली. मग नववा गडी बाद झाला. पोरं उभी राहिली. मीही टोपावर झाकण ठेवून उभा राहिलो. रिझवाननं माइक तोंडाशी नेला. थांबला. आणि म्हणाला, "ऑल आउट! यल्ला, खलास, चला जेवायला."

आता त्याला कोण काय बोलणार? भाऊ त्याचा. निमूटपणे सगळे पंगतीला बसले.

वाटेत इकडेतिकडे वेळ काढून रात्री रिझवाननं मुहैस्नाहला दोन पोरांना त्यांच्या कामगारांच्या कॅम्पच्या दारात सोडलं आणि तेव्हा माझा फोन गेला त्याला. "बाबा, टोप कुठाय? उद्या सकाळी ऑर्डर आहे." तो म्हणाला, "काका, राहिला वाटतं. आणतो ना, त्यात काय!" आणि व्हॅन वळवली. खरं तर त्याला खोलीवर न जायला निमित्तच मिळालं.

हायवे रिकामा होता. गोदामांचे दिवे संपले, डांबर संपलं, चाकांखाली वाळू लागली. मैदानावर दिवे नाहीत. व्हॅनच्या उजेडात दोरी दिसली, मधलं सिमेंटचं पिच दिसलं, आणि पलीकडे जिथं जेवलो होतो तिथं टोप. दोरी ओलांडून व्हॅन त्यानं थेट तिथपर्यंत नेली. टोप उचलला, मागे ठेवला. मग स्पीकरकडे गेला.

स्पीकरवरचा लाल दिवा चालू होता.

विसरलो असेन बंद करायला, असं त्याला वाटलं. माइक खुर्चीवर पडला होता. तो त्यानं उचलला. तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला.

चर्र.

बॅटिंगचे हातमोजे असतात ना, त्यांची पट्टी ओढून काढल्यावर येतो तसा. चर्र... मग पट्टी दाबून बसवल्याचा. मग पुन्हा चर्र...

त्यानं मान वर केली. समोर दोरीपाशी, ज्या बाजूनं व्हॅन आत आली त्या बाजूला, कोणीतरी उभं होतं. बॅट काखेत. मान खाली. हातमोजे घालत होतं.

"कोण रे?" रिझवान ओरडला. "राहिलास का मागे? चल, देऱ्याला चाललोय, सोडतो."

चर्र...

"अरे भाई, कौन है उधर?"

चर्र... इतकंच.

रिझवान व्हॅनमध्ये बसला. भीती वाटली का, असं मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, नाही काका, तेव्हा काहीच वाटत नव्हतं. तेच तर वाईट होतं. त्यानं व्हॅन सुरू केली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायची म्हणून वळवली. उजेड मैदानावरून फिरला, दोरीवरून फिरला, आणि थांबला.

तो तिथंही होता. समोरच. दोरीला बुटाचं टोक लावून.

पुन्हा वळवली. पुन्हा समोर...

(काय झालं पर्णिका? जवळ सरक हवं तर. थांबू? ... बरं.)

तिसऱ्या वेळेला रिझवाननं ब्रेक दाबला आणि नीट बघितलं. चेहरा अंधारात होता. बुटाचं टोक दोरीला टेकलेलं होतं, पण दोरीच्या आत नव्हतं. जराही नाही. आत येत नव्हता. जातही नव्हता. आणि मग रिझवानच्या लक्षात आलं.

त्याला पुकारलेलं नाही.

दुपारपासून उभा आहे तो तिथं. आपण जेवलो, हात धुतले, हसलो, निघून गेलो... आणि हा उभा आहे.

माइक अजून हातातच होता. रिझवाननं तो तोंडाशी नेला. तोंड उघडलं. काही आलं नाही. जीभ आपली नाहीच असं झालं. पुन्हा प्रयत्न केला. घशातून नुसती हवा... ती स्पीकरमधून मैदानभर ऐकू गेली.

चर्र...

"आणि आता..." तो म्हणाला. "आता मैदानात येतोय... शेवटचा गडी..."

थांबला.

वारा पडला होता.

"मुश्ताक."

हातमोज्यांचा आवाज बंद झाला.

पाऊल दोरीच्या आत आलं. मग दुसरं. सावकाश. मुश्ताक तसाच चालायचा, पाय ओढत, टीम हरत असली तरी घाई नाही. व्हॅनच्या अगदी दारावरून गेला. रिझवान स्टिअरिंगकडे बघत बसला. वर बघायची हिंमत झाली नाही त्याची. एवढंच एक चुकलं काका, असं तो आजही म्हणतो. एकदा तोंड बघायला हवं होतं.

मग पिचवर बॅट आपटल्याचा आवाज. टक... टक...

मग काहीतरी खरवडल्याचा. लांब. दगडावर दगड ओढावा तसा.

मग शांत.

रिझवान व्हॅनमधून उतरला. पिचकडे पाठ करून, ताठ उभा राहिला. एकटाच. दुपारी सगळे उभे राहिले होते तसा. मग त्यानं माइक वर केला.

"मुश्ताक... नाबाद."

आणि तो रडला. ऑगस्टपासूनचं सगळं एकदम आलं. वाळूत गुडघे टेकून, लहान पोरासारखा, मोठ्यानं, माइक चालू असताना. कधीतरी स्पीकरचा दिवा विझला आणि त्याला नुसता स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागला. मागे वळून बघितलं तर पिच रिकामं.

तिथूनच त्यानं अम्मीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. "अम्मी," तो म्हणाला, "मुश्ताकभाई... अम्मी, आपला मुश्ताकभाई गेला गं." म्हातारीनं पलीकडून एवढंच म्हटलं, "रड बाबा. मी आहे फोनवर." किती वेळ दोघं तसेच होते, देव जाणे.

पहाटे टोप घेऊन माझ्या दारात आला. डोळे सुजलेले, पण माणूस परत आल्यासारखा वाटला मला. सगळं सांगितलं. मी म्हटलं, रात्रभर जागलास, भास झाला असेल. तो वाद घालत बसला नाही. "काका, चला माझ्याबरोबर," एवढंच म्हणाला. ऑर्डर कुमुदवर सोपवून मी गेलो.

उजाडलं होतं. वाळूत व्हॅनच्या वेड्यावाकड्या चाकोऱ्या होत्या. रिझवानच्या पायांचे ठसे होते, गुडघे टेकले ते खड्डे होते. दुसऱ्या कोणाचा एकही ठसा नाही. मी म्हणणारच होतो, बघ, सांगत होतो ना. तेवढ्यात त्यानं मला हाताला धरून पिचवर नेलं.

फलंदाज खेळायला उभा राहण्याआधी बॅटीच्या टोकानं जमिनीवर एक रेघ ओढतो बघा, आपली उभं राहायची जागा धरायला. गार्ड घेणं म्हणतात त्याला. मातीवर उमटते, वाळूत उमटते. पण हे पिच सिमेंटचं, वाळून कडक झालेलं. त्यावर खिळ्यानं ओरखडा काढायचा म्हटलं तरी घाम निघेल.

तिथं रेघ होती. स्टंपच्या बरोबर समोर. सिमेंट ओलं असताना काडीनं ओढावी तशी. कडा गुळगुळीत, आजूबाजूला भुगा नाही, तडा नाही.

काय म्हणालीस? "मेबी इट वॉज ऑलरेडी देअर, काका?" मलाही तसंच म्हणायचं होतं गं. पण दुपारी मॅच संपल्यावर त्या पिचवर खेळायला अंथरलेली चटई मीच गुंडाळली होती, आणि पंगतीत वाळू उडू नये म्हणून खालच्या सिमेंटवर झाडूही मारला होता. सपाट होतं.

आजही पोरं तिथं खेळतात. त्या बाजूनं बॅटिंग करणारा थोडा बाजूला उभा राहतो, रेघेवर पाय देत नाही. बुजवायला कोणी गेलेलं नाही. पुढच्या शनिवारी येता का? दाखवतो. वाकून बोट लावून बघा. बोटाचं पहिलं पेर पूर्ण आत जातं.